नाटकातील भट्टीचे दार फोडल्याबाबत

दिनांक १३ फेब्रुवारी १९७८, सोमवार.

नाव : जाईबाई भ्रतार किसन ओव्हाळ. वय : पंचेचाळीसच्या आसपास, दाखला नाही. धर्म : बौद्ध. धंदा : घरी स्वयंपाक करून कामगारांना डबे देणे. राहणार : दापोडी, रेल्वे लाइनीच्या कडेची चाळ, तालुका हवेली, जिल्हा पुणे.

मी ठाण्यात समोर बसून, कोणी न पढवता, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती किसन असे दोघे राहतो. मी त्यांना मालक म्हणते, हवालदार मारुतराव यांनी पती लिहिले आहे, तसेच राहू द्यावे. मुलगी एकच, ती थेरगावला दिली आहे. पती भोसरीकडच्या एका फाउंड्रीत बरीच वर्षे कामाला आहेत. त्यांच्यावर आजवर पोलीस केस नाही. घरात किंवा बाहेर त्यांनी कोणावर हात उचललेला मी पाहिलेला नव्हता.

काल रात्री पतींना इथे आणून व्हरांड्यातल्या बाकड्याला बेडी घालून बसवले होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, बेडीला दार नसते. आज सकाळी ठाण्याचे साहेब आल्यावर त्यांना कोठडीत घातले व दार लावले. मी जिथे बसले आहे तिथून ते दार दिसत नाही, पण पतींची हाक ऐकू येते. ते मधूनमधून "जाये, हायस का?" असे विचारतात आणि मी "हाय" म्हणते. लिहिताना त्याचा व्यत्यय होतो हे मला कळते. पण मी ओ देणार, मग लिहिणे थांबले तरी चालेल, असे मी सुरुवातीलाच सांगितले. हवालदारांनी ते मान्य केले.

दार लावल्याने असे काय होते, ते विचारले. सांगते.

ओतकामात वाळूचे आकार करून ते भाजून कडक करावे लागतात. त्यासाठी पतींच्या खात्यात लोखंडी खोली आहे. माणूस उभा मावेल एवढी, वाळूची ट्रॉली आत ढकलतात आणि बाहेरून अडसर टाकतात. कारखान्यात तिला ओव्हन म्हणतात, आम्ही घरी भट्टी म्हणतो. माल बाहेर काढल्यावर ती पुष्कळ वेळ ऊबदार राहते. थंडीत कामगार पाळीपाळीने तिच्यात जाऊन घटकाभर पाठ टेकतात. ही तिथली जुनी रीत आहे. वरच्यांना सगळे माहीत असते, ते बघून न बघितल्यासारखे करतात. सुपरवायझर नानासाहेब थिटे स्वतः त्या दारात उभे राहून हात शेकत, असे पती सांगत.

मागच्या वर्षीच्या थंडीत पती असेच आत टेकले आणि त्यांचा डोळा लागला. नानासाहेबांनी पाहिले. "झोप म्हणावं आता पोटभर," असे म्हणून त्यांनी दार ओढले व अडसर टाकला. थट्टा म्हणून केले असेल, जरब बसावी म्हणून केले असेल, मला ठाऊक नाही. मग त्यांना ऑफिसात फोन आला, ते गेले आणि विसरले. आत उजेड नाही. आतून उघडायची सोय नाही. मशीनच्या आवाजात आतली हाक बाहेर जात नाही. शेवटी नानासाहेबांनाच आठवण झाली व त्यांनीच येऊन उघडले. किती वेळ गेला ते पती सांगत नाहीत, मीही आता विचारत नाही.

भट्टी तेव्हा पेटलेली नव्हती. पण आता पेटवतील की मग पेटवतील, हे आतल्या माणसाला कसे कळणार, असे ते एकदा म्हणाले. त्यानंतर या विषयावर आमच्यात बोलणे नाही.

तेव्हाच तक्रार का केली नाही, असे साहेबांनी विचारले. कामाच्या वेळात झोपला म्हणून आधी पतींनाच घरी बसवले असते. नानासाहेबांना फार तर समज मिळाली असती. हा हिशोब कारखान्यात काम न करणाऱ्या माणसालाही कळतो. म्हणून गप्प बसलो.

तेव्हापासून आमच्या खोलीला दार नाही. पतींनी बिजागरीसकट काढून भिंतीला उभे केले आहे आणि चौकटीला गोणपाट लावले आहे. त्यामुळे चाळीतले कुत्रे सरळ चुलीपर्यंत येते, आणि घर उघडे टाकून मला मुलीकडेही राहायला जाता येत नाही. पती बारा महिने ओट्यावर झोपतात. बसमध्ये बसायला जागा असली तरी दांडी धरून पायरीवर उभे राहतात, कंडक्टरच्या शिव्या खातात. संडासाचे दार लावत नाहीत, मला बाहेर टमरेल धरून राखणीला उभे राहावे लागते. बायका हसतात. हसू द्या. मी कंटाळले आहे हे खरे आहे, पण उभी राहते.

जखमी इसम दत्तोबा भोंडवे, राहणार रावेत, यांना मी चांगली ओळखते. ते त्याच फाउंड्रीत मोल्डर आहेत, वाळूचे साचे करतात. माणूस वाईट नाही. आमच्या घरी चहा घेतात, कपबशी मागे सरकवत नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. त्यांना नाटकाचा नाद आहे. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत ते दरवर्षी नाटक बसवतात, स्वतः लिहितात आणि मुख्य काम स्वतःकडेच ठेवतात. यंदाचे नाटक त्यांनी भट्टीवर लिहिले, ती गोष्ट खात्यात सगळ्यांना ठाऊक होतीच. कोंडल्या गेलेल्या कामगाराचे नाव त्यात किसनाच ठेवले, बदलायचीही तसदी घेतली नाही. माझ्या पतींना त्यांनी विचारले नव्हते. नाटक बसून तयार झाल्यावर आमंत्रण द्यायला घरी आले.

ते ओट्यावर बसून म्हणाले, "किसनभाऊ, तुमच्यासाठी केलंय बगा समदं. पुढच्या खुर्चीत बसायचं, वहिनींना घेऊन. नानासाहेबबी येनार हाय. ऑफिसरांना पास दिल्यात."

पतींनी विचारले, "शेवटी काय हुतं?"

"शेवटी सुपरवायझरला त्याच भट्टीत कोंडायचा. अडसर टाकायचा. पडदा."

"दार उघडत्यात का न्हाई?"

"उघडायचं कशाला? तितंच तर टाळ्या हायेत, भाऊ."

पती उठून ओट्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. दत्तोबांना वाटले की त्यांना भरून आले आहे. मला वाटले की त्यांना जायचे नाही. पण दत्तोबा गेल्यावर ते म्हणाले, "गेलं पायजे. बोलावलंय." आम्ही गेलो.

काल रविवारी संध्याकाळी नाटक झाले. नाटकाचे नाव मला नीट आठवत नाही, लांबलचक होते. हॉल भरला होता. नानासाहेब पहिल्या रांगेत होते. पती पुढच्या खुर्चीत बसले नाहीत, हॉलच्या उघड्या दारापाशी उभे राहिले. मी त्यांच्याजवळ बाकावर बसले. सुपरवायझरचे काम ज्योतीराम सुरवसे याने केले. तो बार्शीकडचा, माझ्याकडे डब्याला आहे. त्याला नानासाहेबांसारखा चौकड्याचा मफलर दिला होता, बोलता बोलता तपकीर ओढायची सवयही दिली होती. सगळ्यांनी ओळखले. नानासाहेबांचे तोंड मला मागून दिसत नव्हते, कान दिसत होते. ते लाल झाले होते. त्यांनी गळ्यातला मफलर हळूच काढून मांडीवर घेतला.

पहिल्या अंकात दत्तोबांचा किसना कोंडला गेला, तेव्हा पती बाहेर जाऊन आवारात उभे राहिले आणि पुन्हा आत आले. मी म्हणाले, चला घरी. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बगू शेवट."

शेवटी दत्तोबांनी ज्योतीरामला धरून भट्टीत ढकलले व अडसर टाकला. भट्टी प्लायवूडची होती, चंदेरी रंग दिलेली. अडसर मात्र कारखान्यातून घडवून आणलेला, खरा लोखंडी. हॉलमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. मीही टाळ्या वाजवल्या. मला बरे वाटले, हे मी लपवत नाही. वर्षभर त्या माणसाचे नाव काढले की माझ्या हातातली भाकरी करपायची. तो आत गेलेला बघून हात आपोआप वाजले. लिहायचे असेल तर हेही लिहावे.

आतून ज्योतीराम दारावर बुक्क्या मारत होता. "उघडा रे, जीव कोंडाय लागलाय, पाया पडतो तुमच्या," असे ओरडत होता. तो जेवढा ओरडे तेवढे लोक हसत. दत्तोबा दाराला पाठ लावून उभे राहिले आणि न्यायावर भाषण करू लागले. भाषण लांबले. मी बाजूला पाहिले तर पती जागेवर नव्हते.

ते बाजूच्या पायऱ्यांनी वर गेले होते. दत्तोबांना आनंद झाला. त्यांनी पतींच्या खांद्यावर हात टाकला आणि लोकांना म्हणाले, "हाच त्यो माणूस! बोल भाऊ, आता तूच बोल." आणखी टाळ्या झाल्या.

पती म्हणाले, "दार उघड, दत्तोबा. आत माणूस हाय."

दत्तोबा हळू आवाजात काही म्हणाले, ते मला ऐकू आले नाही. पती पुन्हा म्हणाले, "उघड." दत्तोबा दारावरून हलले नाहीत. नाटक मोडू नये म्हणून हलले नसतील. तिथे मांडणीसाठी ठेवलेले वाळूचे फावडे होते, तेही कारखान्यातले. पतींनी ते उचलले. दत्तोबांनी दोन्ही हात पसरले. पतींनी फावड्याच्या दांड्याने त्यांना बाजूला केले, ते पडले आणि खांद्याचे हाड मोडले. हे माझ्या डोळ्यांसमोर झाले, मी नाकारत नाही. मग पतींनी अडसर उडवला आणि दार फोडले.

आत कोणी नव्हते. त्या भट्टीला मागची बाजूच नव्हती. मागे ज्योतीराम उपड्या बादलीवर बसला होता. एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हाताने फळीवर बुक्क्या. पतींना पाहून तो उठला आणि म्हणाला, "काय झालं वो, भाऊ?" सगळा हॉल हसला. नाटकातलेच आहे असे काहींना वाटले.

पती त्याला म्हणाले, "मंग वरडत कशाला हुतास?"

तो म्हणाला, "नाटकात हाय की तसं."

पती तिथेच चौकटीत खाली बसले. त्यांना मी उठवायला गेले तेव्हा ते मला म्हणाले, "त्यात कुनाला ठिवू नये गं." नानासाहेबांना सुद्धा नाही का, असे मी रागाने विचारले. हो, मला राग आला होता, तो नवऱ्याचाच आला होता. ते म्हणाले, "कुनालाच न्हाई." नंतर लोकांनी त्यांना धरले व पोलीस आले.

दत्तोबांनी दवाखान्यातून दिलेली फिर्याद मला हवालदारांनी वाचून दाखवली. किसन ओव्हाळ हा कंपनीने फोडलेला माणूस असून, अधिकाऱ्यांची बदनामी होऊ नये म्हणून त्याने पैसे खाऊन नाटक उधळले, असे तीत आहे. ज्या कामगारांच्या पक्क्या नोकऱ्या आहेत, जे जामिनाला चालतील, ते सगळे हेच म्हणत आहेत. सकाळी दोघे-तिघे फाटकापर्यंत येऊन मला बघून परत गेले. माझ्याकडे डब्याला असलेली पोरे गरीब, आज इथे तर उद्या चाकणला, त्यांचा जामीन कोण धरणार?

(या वेळी पतींनी हाक मारली. मी ओ दिली.)

आज सकाळी नानासाहेब थिटे स्कूटरवरून आले. ते मला फाटकाबाहेर भेटले. म्हणाले, "जाईबाई, तुमच्या नवऱ्यानं काल माझी लाज राखली. मी जामीन राहतो. दुपारच्या आत बाहेर काढतो, नोकरीलाही धक्का लागू देत नाही. फक्त ते भट्टीचं तसं काही घडलंच नव्हतं, एवढं जबाबात सांगा. माझी रिटायरमेंट जवळ आली आहे हो."

मी म्हणाले, बघते. ते अजून बाहेर झाडाखाली थांबले आहेत. खरे सांगायचे तर आत येताना मी तसेच सांगायचे ठरवले होते. दत्तोबांच्या नाटकाचे मला काय? न्यायाचे भाषण त्यांनी केले, कोठडी आमच्या वाट्याला आली. पती घरी येणार असतील, ओट्यावर झोपणार असतील, तर भट्टी झाली काय आणि न झाली काय, मला सारखेच होते.

पण फिर्याद ऐकल्यावर माझ्या लक्षात आले, की भट्टी झालीच नाही असे मी म्हटले, तर काल माझे पती काय उघडायला गेले होते? एक तर ते वेडे ठरतील, नाही तर विकले गेलेले. ते दोन्ही नाहीत. आत माणूस आहे असे वाटून ते गेले. आतला माणूस नानासाहेब असता तरी गेले असते. मी गेले नसते. मी टाळ्या वाजवत बसले असते. आमच्या दोघांत एवढा फरक आहे आणि तो मला आवडतो असे नाही, पण आहे.

म्हणून सांगते की भट्टीची हकीकत वर लिहिल्याप्रमाणे खरी आहे. दार नानासाहेब थिटे यांनी लावले होते. फावडे पतींनी मारले, तेही खरे आहे. पैसे कोणी दिले नाहीत, कोणी घेतले नाहीत. नानासाहेबांवर काय कारवाई व्हावी, असे साहेबांनी विचारले. ते मला विचारू नये. काय ते कायद्याने करावे, मी थकले आहे. झाडाखाली थांबलेल्या नानासाहेबांना तेवढे जायला सांगावे, उगाच ताटकळत उभे आहेत.

जबाब इथवर लिहून झाला आणि हवालदार तो वाचून दाखवणार, तेव्हा आतून हाक यायची थांबून बराच वेळ झाला होता. मी आपणहून "हाय" म्हणाले. आतून काही आले नाही. मी म्हणाले, आधी दार उघडा, मग वाचा. न वाचता अंगठा मागितला तरी देते, पण आधी उघडा. पळून जाणारा माणूस नाही, मी चौकटीत बसते, मला ओलांडून कुठे जाईल? हवालदारांनी साहेबांकडे पाहिले. साहेब दुसऱ्या कागदात बघत राहिले, नको म्हणाले नाहीत. हवालदार किल्ल्या घेऊन उठले.

सबब हा जबाब मला कोठडीच्या उघड्या दारात बसवून मोठ्याने वाचून दाखवला. पती आत भिंतीला टेकून बसले होते, त्यांनीही तो पहिल्यापासून ऐकला. मी सांगितले तसाच लिहिला आहे.

वाचून झाल्यावर पती म्हणाले, "एक ऱ्हायलं. भट्टीचं दार उघडल्यावर नानासाहेबांनी त्यांच्या टेबलावरला तांब्या आनला, आपल्या हातानं मला पानी पाजलं. तांब्या माझ्या तोंडाला लावला. ते लिवा."

मला हे आजपर्यंत माहीत नव्हते. ते लिहायला माझी हरकत नाही. पण तेवढ्यासाठी वरचे काही खोडू नये.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, जाईबाई किसन ओव्हाळ.
समक्ष : मारुतराव, हवालदार.